कूलंटचं काम घरी करताना गाडीचं इलेक्ट्रॉनिक्स कसं सांभाळायचं

थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर कूलंटची वाट उघडणारी झडप), होज पाइप, रेडिएटरची कॅप, तापमानाचा सेन्सर या गोष्टी सोसायटीच्या पार्किंगमध्ये साध्या पान्यांनी बदलता येतात. पण अशा कामानंतर दोन-तीन आठवड्यांनी चेक लाइट लागतो, पंखा अधूनमधून फिरत नाही, सकाळी गाडी झटके देते. तोवर मधे एवढे दिवस गेलेले असतात की त्या कामाशी याचा संबंध कुणी जोडत नाही. बहुतेक वेळा कारण एकच असतं: कपलरमध्ये (वायर जोडणाऱ्या प्लॅस्टिकच्या प्लगमध्ये) किंवा वायरच्या आत शिरलेलं कूलंट.

साधं पाणी सांडलं तर वाळून जातं. कूलंटमधलं इथिलीन ग्लायकॉल तसं उडत नाही, उलट हवेतली ओल ओढून घेतं. त्यात गंजरोधक क्षार विरघळलेले असल्यामुळे त्यातून थोडी वीज वाहते. दोन पिनांच्या मधे असा ओला थर बसला की पिना झिजतात, त्यांच्यावर हिरवा-पांढरा बुरा चढतो आणि सेन्सरचं वाचन हळूहळू बिघडतं. शिवाय पातळ तारांच्या जुडग्यातून, दिव्याच्या वातीतून तेल चढावं तसं, कूलंट इन्सुलेशनच्या आतून वर सरकतं. ठाणे आणि नवी मुंबईत खाडीची खारी, दमट हवा असते. एकदा शिरलेली ओल इथे आपोआप वाळत नाही, जूनपासून सप्टेंबरपर्यंत तर नाहीच.

म्हणून खालच्या सगळ्या पायऱ्यांचा क्रम एकाच गोष्टीभोवती ठरवला आहे: आधी वीज बंद, मग झाकण, मग कूलंटला हात.

कोणत्या गाडीचं काम हातात घेऊ नये

इलेक्ट्रिक किंवा स्ट्राँग हायब्रिड गाडी असेल तर बॉनेट उघडून कूलंटच्या बाटलीतली पातळी पाहण्यापलीकडे काही करू नका. तिथे बॅटरी आणि इन्व्हर्टर थंड ठेवणारं वेगळं कूलंट असू शकतं आणि नारिंगी केबलमधला करंट जीव घेऊ शकतो. वॉरंटीतल्या गाडीचं काम घरी केलं तर पुढे क्लेमच्या वेळी वाद होऊ शकतो, तेव्हा ती सर्व्हिस सेंटरलाच न्या. तेलाच्या डिपस्टिकवर दुधाळ फेस दिसत असेल किंवा सायलेन्सरमधून सतत पांढरा धूर येत असेल, तर बिघाड हेड गॅस्केटपर्यंत, म्हणजे इंजिनाच्या आतल्या सीलपर्यंत, गेल्याची शंका घ्यावी. ते घरचं काम नव्हे.

## १. पार्ट घेण्याआधी बिघाड कुठे आहे ते ठरवा

गाडी कुठे तापते यावरून बरंच कळतं. पाम बीच रोडवर काटा जागेवर असतो आणि शिळफाट्याला किंवा माजिवड्याच्या सिग्नलला उभं राहिल्यावर चढतो, तर पंखा, त्याचा रिले, फ्यूज किंवा सेन्सर तपासा. धावत्या गाडीला वारा मिळतो, उभ्या गाडीला फक्त पंखा. याउलट, गायमुखच्या घाटात चढावर किंवा वेगात असताना तापत असेल, तर कूलंट कमी, रेडिएटर चोंदलेला किंवा थर्मोस्टॅट अडकलेला असण्याची शक्यता जास्त.

बऱ्याच नव्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. अशा वेळी मोबाइलला जोडायचा साधा ब्लूटूथ ओबीडी रीडर, म्हणजे गाडीतले बिघाडाचे कोड आणि तापमान दाखवणारं छोटं यंत्र, फार उपयोगी पडतो. काम सुरू करण्याआधीच कोड वाचून लिहून ठेवा, म्हणजे नंतर आलेला कोड जुना की नवा हे कळेल. नेहमी भेटणारे कोड असे:

- पी०११७: तापमान सेन्सरच्या सर्किटमध्ये सिग्नल कमी, बहुधा शॉर्ट.
- पी०११८: त्याच सर्किटमध्ये सिग्नल जास्त, बहुधा कपलर सुटलेला किंवा तार तुटलेली. अशा वेळी रीडरवर तापमान उणे ४० अंश दिसतं.
- पी०१२८: इंजिन पुरेसं गरम होत नाही, थर्मोस्टॅट उघडाच राहिलेला.
- पी०४८०: पंख्याच्या कंट्रोल सर्किटमध्ये दोष.

पी०११८ असताना रेडिएटर बदलण्यात पैसे घालू नका. आधी कपलर उघडून पिना पाहा.

## २. सामान आणि कागद

गाडीचं ओनर्स मॅन्युअल जवळ हवंच. कूलंटचा प्रकार, एकूण लिटर आणि फ्यूजचा नकाशा त्यातच असतो. म्युझिक सिस्टिमला कोड लागत असेल तर तो कोड बॅटरी काढायच्या आधी शोधून ठेवा.

- ८, १० आणि १२ नंबरचे पाने आणि सॉकेट. स्प्रिंगच्या क्लिपसाठी चांगली पक्कड
- १० लिटरचा पसरट ट्रे, फनेल, झाकणाचे रिकामे कॅन
- जाड पॉलिथिन, छोट्या झिप पिशव्या, रबर बँड, मास्किंग टेप
- जुन्या सुती धोतराची किंवा चादरीची फडकी (नायलॉनचं फडकं ओल शोषत नाही)
- डिस्टिल्ड वॉटर ५ लिटर, म्हणजे दुकानात मिळणारं बॅटरीचं पाणी
- इलेक्ट्रॉनिक कॉन्टॅक्ट क्लीनरचा स्प्रे
- सिलिकॉनचं डायइलेक्ट्रिक (वीज न वाहू देणारं) ग्रीस, छोटी ट्यूब
- मल्टिमीटर, टॉर्च, नायट्राइलचे हातमोजे, चष्मा
- कूलंट, मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या प्रकाराचं

कॉन्टॅक्ट क्लीनरच्या जागी कार्ब्युरेटर क्लीनर वापरू नका, त्याने कपलरचं प्लॅस्टिक आणि रबर सील खराब होतं. नेहमीचा डब्ल्यूडी-४० गंजलेले बोल्ट सोडवायला चांगला, पण तो मागे तेलकट थर ठेवतो. पिना धुवायला तो घेऊ नका.

कूलंटच्या रंगावर विसंबू नका. हिरवं, निळं, गुलाबी हे रंग कंपन्या आपापल्या मर्जीने देतात. डब्यावरचा प्रकार मॅन्युअलशी ताडून पाहा. तयार मिसळलेलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. कॉन्सन्ट्रेट असेल तर साधारणपणे निम्मं डिस्टिल्ड वॉटर. नळाचं पाणी कशाला टाळायचं, हा प्रश्न इथे हमखास येतो. मोरबे धरणाचं पाणी प्यायला उत्तम आहे, पण पिण्याच्या पाण्यात क्लोरीन आणि क्षार असतातच. उन्हाळ्यात घोडबंदर रोडच्या सोसायट्यांत टँकरचं किंवा बोअरचं पाणी येतं तेव्हा क्षारांचं प्रमाण आणखी वाढतं. हे क्षार रेडिएटरचं ॲल्युमिनियम खातात आणि कूलंटची वीज वाहण्याची क्षमता वाढवतात.

## ३. गाडी थंड करा, बॅटरी सुटी करा

इंजिन बंद केल्यावर किमान २ ते ३ तास थांबा. एप्रिल-मेमध्ये सरळ सकाळी कामाला बसा, गाडी रात्रभर उभी असते. गरम रेडिएटरची कॅप कधीही उघडू नका. निम्म्या प्रमाणाचं कूलंट कॅपच्या दाबाखाली साधारण १२५ अंशांपर्यंत उकळत नाही. कॅप उघडताच दाब जातो आणि सगळं एकदम उकळून बाहेर येतं, तुमच्या अंगावर आणि फ्यूज बॉक्सवरही.

किल्ली बंद करून गाडीपासून लांब ठेवा. पुश बटनाच्या गाडीत हे विशेष लक्षात ठेवा. १० ते १५ मिनिटं थांबा, तेवढ्यात गाडीतली कंट्रोल युनिट झोपी जातात. मग बॅटरीची निगेटिव्ह तार आधी काढा, बहुधा १० नंबरचा पाना लागतो. तिचं टोक फडक्यात गुंडाळून बाजूला बांधा, म्हणजे उसळून परत टर्मिनलला लागणार नाही. पॉझिटिव्ह आधी काढायला गेलात आणि पाना बॉडीला टेकला तर मोठी ठिणगी पडते.

बॅटरी सुटी करण्याचं दुसरं कारण रेडिएटरचा पंखा. काही गाड्यांत तो किल्ली बंद असतानाही फिरू शकतो. बॅटरी जोडलेली असताना पात्यांत हात घालायचा नाही.

दोन ठिकाणी सावध राहा. स्टार्ट-स्टॉप असलेल्या गाडीत निगेटिव्ह टर्मिनलवर एक छोटा डबीसारखा सेन्सर असतो. पेचकस घालून टर्मिनल उचकटलं की तोच तुटतो, आणि तो स्वस्त नाही. नट सैल करून टर्मिनल हाताने हलवत वर घ्या. दुसरं म्हणजे काही माइल्ड हायब्रिड गाड्यांत सीटखाली दुसरी लिथियम बॅटरी असते. अशा गाडीत फक्त बॉनेटमधली बॅटरी काढून भागत नाही. ती कशी सुटी करायची हे मॅन्युअलमध्ये मिळालं नाही तर काम थांबवा.

रेडिएटरच्या पुढच्या पट्टीवर अनेक गाड्यांत एअरबॅगचा धडकेचा सेन्सर बसवलेला असतो. एअरबॅगचे कपलर बहुधा पिवळे असतात. बॅटरी काढल्यावर किमान ३ मिनिटं, आणि मॅन्युअलमध्ये जास्त लिहिली असतील तर तेवढी, तिकडे हात लावू नका. त्या पट्टीवर हातोडी तर कधीच नाही.

## ४. फोटो काढा आणि धोक्याच्या जागा ओळखा

मोबाइलने वरून, दोन्ही बाजूंनी आणि खालून फोटो काढा. वायरचा जुडगा कुठल्या क्लिपमधून, कुठल्या होजच्या वरून जातो हे दिसलं पाहिजे. मग टॉर्च घेऊन पाहा, की जो होज सुटणार आहे त्याच्या बरोबर खाली काय आहे. बहुतेक गाड्यांत यातलं काहीतरी सापडतंच:

अल्टरनेटर. तो इंजिनाच्या बाजूला असतो आणि पुष्कळदा वरच्या होजच्या किंवा थर्मोस्टॅटच्या खालीच येतो. त्याला थंडाव्यासाठी जाळीदार भोकं असतात, त्यातून कूलंट थेट ब्रश आणि रेग्युलेटरवर जातं.

एसी कॉम्प्रेसरच्या क्लचचा कपलर, खालच्या होजजवळ.

ईसीएम, म्हणजे इंजिन चालवणारा कंप्यूटर. अनेक छोट्या गाड्यांत तो बॉनेटमध्येच, बॅटरीशेजारी असतो. त्याचा डबा बंद असतो, पण मोठ्या कपलरच्या तोंडाशी कूलंट साचू शकतं.

फ्यूज आणि रिलेचा डबा. झाकण वरच्या बाजूने पाणी अडवतं, खालची बाजू मात्र अनेकदा उघडी असते.

इग्निशन कॉइल आणि स्पार्क प्लगच्या विहिरी. तिथे पडलेलं कूलंट वर दिसत नाही, आणि मग मिसफायर सुरू होतो, म्हणजे इंजिन झटके देतं.

एवढं पाहतोच आहोत तर वायरवर उंदराचे दात लागलेत का तेही पाहा. बेसमेंट आणि स्टिल्ट पार्किंगमध्ये हा त्रास नेहमीचा आहे. सोललेल्या तारेवर कूलंट पडलं की जुना दोष नव्या कामाच्या माथी येतो.

## ५. झाकण: इथे घाई नको

अल्टरनेटरवर आधी सुती फडकं, त्यावर जाड पॉलिथिन, आणि पॉलिथिनचा उतार बाहेरच्या बाजूला. नुसतं फडकं ठेवलं तर ते भिजून कूलंट आत झिरपवतं. नुसतं पॉलिथिन ठेवलं तर खाली साचलेलं कूलंट काढताना ओघळून आत जातं. दोन्ही लागतात.

जे कपलर सोडायचे नाहीत त्यांना पॉलिथिनचा तुकडा गुंडाळून रबर बँड लावा, तोंड खालच्या बाजूला ठेवून. जे सोडायचे आहेत, त्यांच्या दोन्ही टोकांसाठी झिप पिशव्या तयार ठेवा. फ्यूजच्या डब्याचं झाकण नीट बसलंय का पाहून त्यावर मोठं पॉलिथिन टाका, कडा टेपने चिकटवा. टेप वायरवर चिकटवू नका, काढताना जुनं आवरण सोलून निघतं.

प्रत्येक झाकणावर मार्करने नंबर लिहा: १, २, ३. एकूण किती झाली ते कागदावर टिपा आणि तो कागद स्टिअरिंगला लावा. इंजिन चालू करायच्या आधी तेवढी झाकणं हातात मोजून घ्यायची. अल्टरनेटरवर राहिलेली पिशवी पट्ट्यात अडकते किंवा वितळून चिकटते.

## ६. कपलर सोडताना

आठ-दहा वर्षं इंजिनाची उष्णता खाल्लेलं प्लॅस्टिक ठिसूळ झालेलं असतं. घरच्या कामात सर्वांत जास्त नुकसान इथे होतं, कूलंटमुळे सुद्धा नाही.

आधी कपलरभोवतीची धूळ आणि चिखल ब्रशने झाडा, नाहीतर तो उघडताच आत पडतो. लाल किंवा राखाडी सरकती पट्टी दिसली तर ते दुसरं कुलूप आहे. ते आधी मागे ओढा, मग मुख्य कुंडी दाबा. कुंडी दाबताना कपलर किंचित आत ढकला, म्हणजे तिच्यावरचा ताण जातो आणि ती सहज दबते. मग कपलरचं अंग धरून ओढा. वायर धरून कधीच नाही, कारण तार आतून पिनेपासून सुटते आणि बाहेरून सगळं ठीक दिसतं.

सुटल्यावर लगेच दोन्ही तोंडं झिप पिशवीत. आत रबराची सील आहे का पाहा. ती चुकून सेन्सरवर राहिली किंवा खाली पडली, तर पहिल्याच पावसात पाणी आत जाईल.

कुंडी तुटलीच तर तात्पुरता केबल टाय लावता येतो, पण नंतर शेपटीसकट (मागच्या तारांच्या तुकड्यासकट) कपलर बदलून घ्या. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर जुन्या पार्टच्या दुकानांत असे कपलर मिळतात. घेताना पिना चकचकीत आहेत का ते बघा. जोडताना एका वेळी एकच तार कापा आणि जोडा, म्हणजे अदलाबदल होणार नाही. जोडावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक नळी घाला. नुसती काळी टेप उष्णतेने चिकट होऊन सुटते.

## ७. कूलंट बाहेर काढणं

आधी कॅप उघडा, मग रेडिएटरच्या खालच्या कोपऱ्यातला ड्रेन प्लग. काही गाड्यांत तो प्लॅस्टिकचा असतो, हळू फिरवा. प्लगच्या तोंडाला रबरी नळी लावून ती ट्रेमध्ये सोडली तर कूलंट उडत नाही. खालचा होज ओढून काढला की पाच-सहा सेकंदांत दोन-तीन लिटर बाहेर येतं आणि हाताबाहेर जातं. म्हणून होज काढण्याआधी प्लगने शक्य तेवढं रिकामं करा. छोट्या पेट्रोल गाडीत एकूण साधारण ४ ते ६ लिटर कूलंट असतं, पण सगळं निघत नाही. ब्लॉकमध्ये आणि हीटरमध्ये बरंच राहतं. म्हणून थर्मोस्टॅट काढताना पुन्हा कूलंट येणार, हे धरूनच चाला.

किती निघालं ते मोजून लिहा. भरताना हाच आकडा कामाला येतो.

चिकटलेला होज पेचकसाने उचकटू नका, रेडिएटरची प्लॅस्टिकची मान तुटते. नवा होज टाकायचाच असेल तर जुना लांबीच्या दिशेने ब्लेडने चिरा. ब्लेड वायरच्या जुडग्याच्या उलट बाजूला ठेवा.

कूलंट विषारी आहे आणि चवीला गोड, त्यामुळे सोसायटीतली कुत्री-मांजरं ते चाटतात. जमिनीवर सांडलेलं लगेच पुसून भरपूर पाण्याने धुवा. काढलेलं कूलंट झाकण लावून कॅनमध्ये भरा आणि जे घेतील अशा वर्कशॉपमध्ये द्या. गटारात ओतायचं नाही.

## ८. पार्ट बदलताना

तापमानाचा सेन्सर. दोन पिनांचा सेन्सर असेल तर आधी मल्टिमीटरने तपासा. हा सेन्सर गरम होतो तसा त्याचा रोध उतरतो: साधारण २० अंशांना २ ते ३ किलोओहम, ८० अंशांना ३०० ओहमच्या आसपास. गाडीगणिक आकडे थोडे बदलतात. पातेल्यात पाणी तापवून त्यात सेन्सरचं टोक बुडवा, आकडा सावकाश आणि सलग उतरला पाहिजे. मधेच उडी मारली तर सेन्सर गेला. मोजताना मल्टिमीटरची जाड सुई कपलरच्या मादी पिनेत खुपसू नका, ती पसरते आणि नंतर सैल राहते. पातळ टाचणी कपलरच्या मागच्या बाजूने घाला.

जुन्या गाड्यांत काट्यासाठी एका पिनेचा वेगळा सेन्सर असतो. त्याची अर्थिंग आट्यांतूनच होते. त्यावर टेफ्लॉन टेप गुंडाळली तर काटा चुकीचं दाखवतो किंवा मरतो.

पंखा. थेट १२ व्होल्ट देऊन तपासायचा असेल तर कपलर सोडून फक्त पंख्याच्या बाजूला, फ्यूज लावलेल्या तारेने द्या. गाडीकडच्या बाजूला बाहेरून वीज दिली तर ईसीएमच्या आतल्या, पंखा चालवणाऱ्या सर्किटला मार बसू शकतो. पंख्याचा फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालू नका. मोटर जाम होत असेल, तर आधी वायर वितळेल.

थर्मोस्टॅट. गॅस्केटच्या जागी सिलिकॉनचा लगदा भरू नका. आत वाहून गेलेले तुकडे हीटरच्या बारीक नळ्यांत अडकतात. जुनं गॅस्केट खरवडताना तोंडात फडकं कोंबा. थर्मोस्टॅटच्या बोल्टजवळ कधीकधी अर्थची तार जोडलेली असते. ती परत लावताना खालचा धातू चकचकीत घासून घ्या.

क्लिप. नव्या होजच्या क्लिपचं तोंड कपलरच्या उलट दिशेला ठेवा. उद्या तिथे झिरपलं तरी फवारा वायरवर येणार नाही. जुडगा मूळच्या क्लिपमध्येच परत बसवा. मोकळा सोडला तर तो पट्ट्याला किंवा सायलेन्सरच्या पाइपला घासतो. कपलरच्या अलीकडे तार थोडी खाली झुकून मग वर जाऊ द्या, म्हणजे थेंब तारेवरून ओघळत कपलरमध्ये न जाता खाली पडतो.

कॅप. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा दाबाचा आकडा असतो. तोच आकडा घ्या. जास्त दाबाची कॅप लावून गाडी कमी तापत नाही, जुने जोड मात्र गळू लागतात.

## ९. सांडलंच तर

बॅटरी सुटी आहे, म्हणून घाबरायचं कारण नाही. पण "पुसलं, झालं" असंही करू नका.

कपलर भिजला असेल तर उघडा, आधी डिस्टिल्ड वॉटरने दोन-तीनदा धुवा. क्षार आणि ग्लायकॉल पाण्यात विरघळतात, म्हणून पाणी आधी. त्यानंतर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, तो पाणी हाकलतो. तोंड खाली करून हवा द्या, सायकलचा पंप चालतो. बुरा धरला असेल तर मऊ टूथब्रश. पॉलिश पेपर नको, पिनेवरचा मुलामा निघून जातो. पूर्ण वाळल्यावर रबर सीलवर डायइलेक्ट्रिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्या. पिनांच्या भोकांत ग्रीस कोंबायचं नाही. व्हॅसलीनही नको, काही प्रकारचं रबर त्याने फुगतं.

अल्टरनेटरमध्ये गेलं तर डिस्टिल्ड वॉटर हळू ओतून धुवा, हवा द्या आणि रात्रभर वाळू द्या. फ्यूजच्या डब्यात गेलं तर फोटो काढून फ्यूज-रिले उपसा, खालच्या बाजूने पाहा, धुवा आणि घरच्या टेबल फॅनसमोर २४ तास ठेवा. हेअर ड्रायर वापरायचा तर कमी उष्णतेवर आणि हातभर लांबून. ईसीएमच्या कपलरच्या आत हिरवं दिसलं, तर पुढचं काम ऑटो इलेक्ट्रिशियनचं. डबा उघडू नका, बॅटरीही जोडू नका.

स्पार्क प्लगच्या विहिरीत गेलं असेल तर प्लग काढण्याआधी कूलंट सिरिंजने किंवा फडक्याने शोषून घ्या. प्लग आधी काढला तर ते सरळ सिलिंडरमध्ये उतरतं.

पार्किंगमधल्या गाडी धुणाऱ्या माणसाला बॉनेटमध्ये पाइपने फवारा मारू देऊ नका. जोराच्या फवाऱ्यापुढे सीलही टिकत नाही आणि रेडिएटरचे पातळ पंखही वाकतात.

## १०. भरणं आणि हवा काढणं

कूलंट सावकाश, पातळ धारेने भरा. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडा आणि त्यातून बुडबुड्यांशिवाय कूलंट येईपर्यंत भरत राहा. वरचा होज हाताने दाबत-सोडत राहिलं तरी हवा निघते. आधी मोजून ठेवलेल्या आकड्यापेक्षा अर्धा लिटर कमी गेलं असेल, तर हवा आत आहे.

हवा राहणं इलेक्ट्रॉनिक्सलाही फसवतं. सेन्सरचं टोक कूलंटऐवजी हवेच्या खिशात राहिलं तर तो खरं तापमान सांगत नाही. इंजिन तापलेलं, सेन्सर म्हणतो गार, आणि पंखा लागत नाही. अशा वेळी लोक नवा सेन्सर, नवा रिले आणतात, पण दोष हवेचा असतो.

## ११. बॅटरी जोडणं आणि पहिली सुरुवात

झाकणं मोजा. कागदावरचा आकडा जुळला की सगळे कपलर "टक" आवाज येईपर्यंत लावा. मग निगेटिव्ह तार शेवटी जोडा, एकदाच आणि घट्ट. टेकवून-उचलून पाहू नका, ठिणग्यांबरोबर व्होल्टेजचे झटके जातात. बॅटरी उतरली असेल तर बाहेर काढून चार्ज करा. उभ्या बॅटरीचं व्होल्टेज १२.६ च्या आसपास हवं.

एसी बंद ठेवून इंजिन चालू करा, हीटर पूर्ण गरमवर ठेवा. मुंबईच्या बाजूला हीटर वर्षानुवर्षं कुणी लावत नाही, पण त्यातली हवा काढायला तो उघडा हवा. १० मिनिटं ॲक्सिलरेटर न देता चालू द्या. बॅटरी काढल्यामुळे आयडलिंग थोडं वरखाली होईल, ते बसतं. खिडकीचं ऑटो बटन चालत नसेल तर काच पूर्ण वर नेऊन बटन काही सेकंद धरून ठेवा. बऱ्याच गाड्यांत एवढ्याने होतं.

रीडरवर तापमान पाहत राहा. ते सावकाश चढून थर्मोस्टॅट उघडल्यावर, म्हणजे साधारण ८२ ते ८८ अंशांना, थोडं अडखळतं. मग वरचा होज गरम लागतो. पंखा बहुतेक गाड्यांत ९५ ते १०० च्या दरम्यान सुरू होतो. १०५ च्या पुढे गेलं आणि पंखा शांतच असेल तर लगेच बंद करा. एसी लावल्यावर पंखा फिरतो पण तापल्यावर फिरत नाही, तर मोटर ठीक आहे, सेन्सरकडे पाहा.

## १२. अर्थिंगची चाचणी

ही चाचणी फार थोडे लोक करतात, म्हणून मुद्दाम सांगतो आहे. गाडी थंड असताना कॅप उघडा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर ठेवा. काळी सुई बॅटरीच्या निगेटिव्हला, लाल सुई कूलंटमध्ये, धातूला न टेकवता. ०.१ व्होल्टच्या आत असेल तर उत्तम. आता इंजिन चालू करून दिवे, एसीचा ब्लोअर, पंखा एकेक लावत पाहा. एखादी गोष्ट लावताच आकडा उडी मारून ०.३ च्या पुढे गेला, तर त्या गोष्टीची अर्थिंग खराब आहे आणि तिचा करंट कूलंटमधून परतीची वाट शोधतो आहे. नवा ॲल्युमिनियम रेडिएटर अशा करंटने आतून पोखरला जातो आणि सुईच्या टोकाएवढी भोकं पडतात. बॅटरी सुटी करून, काळी सुई इंजिनाच्या धातूला लावूनही आकडा तसाच राहिला तर दोष अर्थिंगचा नाही. कूलंट जुनं झालं आहे किंवा आत जुना गाळ आहे.

अर्थची तार काढा, दोन्ही टोकं आणि बॉडीवरची जागा घासा, घट्ट लावा, पुन्हा मोजा.

## १३. पुढचे पंधरा दिवस

दुसऱ्या दिवशी थंड इंजिनावर बाटलीतली पातळी पाहा, थोडी उतरलेली असणं साहजिक आहे. रोज उतरत असेल तर गळती शोधा. ड्रायव्हरशेजारच्या सीटखालचा गालिचा चाचपा: एसीचं पाणी तिथे आलं तर ते स्वच्छ आणि बिनवासाचं असतं, हीटरमधून गळणारं कूलंट चिकट आणि गोडसर वासाचं. कूलंट असेल तर गालिचा त्याच दिवशी उचला, त्याखालून वायरचा जुडगा जातो आणि काही गाड्यांत कंट्रोल युनिटही तिथेच असतं.

पंधरा दिवसांनी बॅटरी काढून ज्यांना हात लावला होता ते कपलर एकदा उघडून बघा. पिना कोरड्या आणि चकचकीत असतील तर बंद करा. टोकाला हिरवट कडा दिसली तर नवव्या पायरीप्रमाणे धुऊन वाळवा, आणि वायर कपलरपासून चार बोटांवर हलकेच दाबून पाहा. आत ओलं लागलं, तर तेवढा तुकडा कोरड्या तांब्यापर्यंत कापून नवीन शेपटी जोडा.